पिन ओढायचा सेफ्टी अलार्म, आठ महिने वापरून (एलटीटीची ती केस डोक्यात ठेवून)

हा अलार्म घ्यायच्या आधी मी ढीगभर रिव्ह्यू वाचले, सगळ्यांनी "आवाज जबरदस्त, पैसा वसूल" एवढंच लिहिलंय, म्हणजे घरात बसून एकदा पिन ओढली आणि पाच स्टार दिले. म्हणून मी जरा सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाहीये कारण पहिल्या पीसला प्रॉब्लेम आला होता आणि तसाही हा प्रकार चार-पाच नावांनी मिळतो, आकार तोच, गुलाबी नाहीतर काळा, चावीच्या किचेनसारखा, वर एक पिन आणि पिनेला दोरीचा फास. ३९९ ला पडला.

घेतला भाचीसाठी. ती अकोल्याची, २३ वर्षांची, गेल्या वर्षी इथे मुंबईत नोकरीला लागली, राहते अंधेरीला पीजीमध्ये. अकोल्याहून ज्या गाडीचं तिकीट मिळेल त्या गाडीने येते, आणि हावडा बाजूच्या बऱ्याच गाड्या एलटीटीला, म्हणजे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला येतात, आणि लेट होतात. रात्री साडेअकराला पोचणारी गाडी अडीचला पोचते. पहिल्यांदा तिने मला सहज फोनवर सांगितलं की मावशी मी एलटीटीला उतरून रिक्षा करून गेले, पहाटे तीनला, काही प्रॉब्लेम नाही आला, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन हा अलार्म मागवला.

आम्ही कांजूरमार्ग पूर्वेला राहतो, लग्न झाल्यापासून. एलटीटीची ती केस ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ५ जानेवारी २०१४ ला पहाटे एक मुलगी एलटीटीला उतरली, तीही २३ चीच. आंध्रातल्या मछलीपट्टणमची, इथे सॉफ्टवेअर इंजिनिअर होती, ख्रिसमसच्या सुट्टीला घरी गेली होती, परत येताना विजयवाड्याला वडिलांनी गाडीत बसवून दिलं होतं. अंधेरीला हॉस्टेलवर जायचं होतं. पोचली नाही. वडिलांचे फोन लागले नाहीत, तक्रार झाली, शोधाशोध झाली, आणि १६ जानेवारीला तिचा मृतदेह सापडला तो आमच्या इथे, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या सर्व्हिस रोडच्या कडेच्या झुडपांत. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत त्या रस्त्याने मी रिक्षाने किती वेळा गेले असेन, भाजीच्या पिशव्या घेऊन, पोराला क्लासला सोडायला, आणि ती तिथेच होती. हे मला अजून सहन होत नाही. तिचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, मी इथे लिहीत नाही.

आता वस्तूबद्दल.

पहिला पीस आला तो चालूच झाला नाही. पिन ओढली तर नुसता खर्र असा बारीक आवाज. सेल डेड होते, आत घड्याळात असतात तसे बटण सेल आहेत, आणि बदलायचे तर मागचे तीन स्क्रू काढावे लागतात, एवढा बारीक स्क्रूड्रायव्हर चष्मा दुरुस्त करणाऱ्याकडेच असतो. सेलरने चार दिवसांनी बदलून दिला, पैसे मागितले नाहीत, ते चांगलं केलं. पण विचार करा, भाचीने तो तसाच पर्सला लावला असता आणि गरजेच्या वेळी ओढला असता तर. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घ्या, आल्या आल्या पिन ओढून बघा, आणि नंतर महिन्यातून एकदा दोन सेकंद तरी ओढून बघा, कॅलेंडरवर गॅसची तारीख लिहितो तसं लिहून ठेवा. चार्जिंगचं मॉडेलपण मिळतं, थोडं महाग, पण आता मला वाटतं तेच घ्यायला हवं होतं.

दुसरा पीस नीट चालला. आवाज खरंच मोठा आहे, खोलीत लावला तर कानात दडे बसतात. बॉक्सवर १३० डेसिबल लिहिलंय, पण किती अंतरावर मोजले ते लिहिलेलं नाही, आणि तिथेच सगळी मेख आहे. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने समजावून सांगितलं की मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाजवळ जो आवाज असह्य होतो तो शंभर मीटरवर गाड्यांच्या आवाजात मिसळून जातो. मला ते आकडे पटले पण समाधान होईना, म्हणून आम्ही प्रत्यक्ष जाऊन बघितलं.

एका रविवारी रात्री साडेदहा-अकराला मी, नवरा आणि मुलगा सर्व्हिस रोडला गेलो. हो, त्याच. मला दुसरीकडे जाऊन बघायचंच नव्हतं. आता तिथे तेव्हापेक्षा लाइट जास्त आहेत, बांधकामं झालीत, पण हायवेवरून ट्रक चालूच असतात आणि दुसऱ्या बाजूला झुडपं आणि मिठागरांकडचा अंधार. मी एका जागी उभी राहिले, ते दोघं चालत लांब गेले. वीस पावलांवर नवऱ्याला स्पष्ट ऐकू आला. पन्नास पावलांवर पण आला. शंभरच्या पुढे गेल्यावर ट्रक नसेल तेव्हाच, आणि ट्रक सतत असतात. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच झाली. पन्नास पावलांवर नवरा उभा होता तिथे दोन माणसं टपरी बंद करत होती, त्यांनी आवाज ऐकला, एकाने मान वर केली आणि परत शटर ओढायला लागला. नवऱ्याने विचारलं कसला आवाज आहे हो, तर तो म्हणाला कुणाच्या तरी गाडीचा सिक्युरिटी अलार्म वाजतोय, वाजतो असाच रोज. मी इकडे जवळजवळ एक मिनिट वाजवत उभी होते. एकही माणूस आला नाही. ती माणसं वाईट नव्हती, त्यांना खरंच कळलं नाही की ही कुणीतरी बाई आहे. मी घरी येईपर्यंत बोलले नाही.

ह्याच्या अगदी उलट लोकलमध्ये झालं. भाचीच्या बॅगेत हा लटकलेला होता, लेडीज डब्यात उतरायच्या गर्दीत कुणाच्या तरी ओढणीत दोरी अडकली आणि पिन निघाली. सगळा डबा वळला. म्हणजे एक पण बाई अशी नव्हती जिने बघितलं नाही, दोघी-तिघी तर उठून आल्या, "काय झालं गं, कुणी काय केलं" म्हणत, एका मासेवाल्या मावशीने तर टोपली बाजूला करून तिचा हातच धरला. पिन खाली पडली होती, ती शोधून परत घातल्यावरच आवाज थांबला. (पिन हरवली तर वाजतच राहतो, सेल संपेपर्यंत. काहींना हा दोष वाटेल, मला गुण वाटतो, हिसकावून घेऊन बंद करता येत नाही.) तर अलार्म तोच, आवाज तोच. डब्यात बायकांना कळलं की आपल्यातल्या कुणालातरी काहीतरी झालंय, रस्त्यावर कुणाला कळलं नाही. म्हणून मी भाचीला सांगितलंय की पिन ओढलीस तर नुसती ओढून उभी राहू नकोस, ओरड, मराठीत ओरड, हिंदीत ओरड, "वाचवा" म्हण, समोरच्या माणसाकडे बोट दाखवून "ओ काका, निळा शर्टवाले, इकडे या" म्हण. अलार्मच्या बॉक्समध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही.

आता जो प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो तो, की २०१४ ला तिच्याकडे हा असता तर?

खूप विचार केला यावर. पोलिसांनी कोर्टात जी केस मांडली त्यात असं होतं की एक माणूस प्लॅटफॉर्मवर तिच्याकडे आला, ३०० रुपयांत सोडतो म्हणाला, तिची ट्रॉली बॅग घेऊन चालायला लागला, बाहेर आल्यावर टॅक्सी नव्हतीच, मोटारसायकल होती, ती थबकली, मग त्याने तिला विश्वास दिला आणि ती बसली. हे पोलिसांचं म्हणणं, आणि ते कोर्टात शेवटी टिकलं नाही, ते पुढे सांगतेच. पण त्यातल्या एका गोष्टीवर तरी माझ्यासारखीला विश्वास बसतो की स्टेशनवर कुणी कुणाला ओढलं नसणार, आरडाओरडा झाला असता तर हमाल, रिक्षावाले, प्रवासी एवढी माणसं पहाटेसुद्धा असतात तिथे. म्हणजे पिन ओढायची वेळ जिथे माणसं होती तिथे आलीच नसेल. आणि जिथे आली असेल तिथे कोण होतं? मी उभी राहून वाजवून बघितलंय तिथे.

बॅग कुणी उचलून घेतली, "चलो मॅडम" म्हणाला, तर आपण पिन ओढतो का? नाही ओढत. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की कुणी नीट बोललं तर नीट बोलावं, तमाशा करू नये. रात्रभर प्रवास झालेला असतो, झोप झालेली नसते, वजन असतं, सकाळी ऑफिस असतं, तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलेलं असतं किंवा तोंडाला येईल तो भाव सांगितलेला असतो. तेव्हा मुलगी जो पहिला बरा माणूस दिसेल त्याच्याबरोबर जाते. यात तिची काहीही चूक नाही, आणि त्या वेळी जी माणसं टीव्हीवर आणि आमच्या बिल्डिंगच्या खाली "मोटारसायकलवर बसलीच कशाला" म्हणत होती त्यांचा मला आजही तितकाच राग येतो. मी पण नवीन होते तेव्हा ठाण्याला रात्री एका अनोळखी टेम्पोवाल्याबरोबर आले होते, भला माणूस निघाला म्हणून मी आज हे लिहितेय.

आणि केसचं काय झालं ते बऱ्याच जणांना माहीतच नाही, माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना वाटतं की फाशी झाली, विषय संपला. मार्च २०१४ मध्ये एकाला पकडलं, ऑक्टोबर २०१५ मध्ये इथल्या कोर्टाने फाशी सुनावली, डिसेंबर २०१८ मध्ये हायकोर्टाने ती कायम केली. आणि २८ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. मी त्या दिवशी स्वयंपाक करत होते, बातमी लागली तर गॅस बंद करून बसूनच राहिले.

निकालाबद्दल नंतर मी बरंच वाचलं, भाचीने समजावून पण सांगितलं. पोलिसांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे स्टेशनचं सीसीटीव्ही फुटेज, ती आणि एक माणूस चालताना दिसतात ते. पण असं फुटेज कोर्टात द्यायचं तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली एक सर्टिफिकेट जोडावं लागतं, ज्याच्या ताब्यात ती सिस्टीम आहे त्याने सही करून द्यायचं की हे ह्याच मशीनमधून काढलंय, मशीन नीट चालू होतं वगैरे. एक कागद. तो जोडलेलाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१४ मध्येच दुसऱ्या एका केसमध्ये सांगितलं होतं की हे सर्टिफिकेट लागतंच, आणि ह्या केसचा पहिला निकाल त्यानंतर वर्षभराने लागलाय, म्हणजे वेळ होता. तरी कुणी जोडला नाही. मग फुटेज बादच झालं. ज्या साक्षीदारांनी "आम्ही ह्याला तिच्याबरोबर बघितलं" म्हटलं ते खूप उशिरा पुढे आले होते, आणि आरोपीने एका ओळखीच्या माणसाकडे कबुली दिली म्हणतात त्यावरपण कोर्टाचा विश्वास बसला नाही. राहिलं काय हातात.

मी कायद्याची जाणकार नाही पण मला कोर्टाचा राग येत नाही. एक माणूस दहा वर्षांहून जास्त आत होता, त्यातली नऊ-एक वर्षं फाशीच्या छायेत. त्याने केलं नसेल तर त्याच्या आयुष्याचं काय, आणि केलं असेल तर तिचं काय. दोन्हीकडे पोलिसांच्या कामातली भोकंच दिसतात. आणि ह्या सगळ्यात ज्याने केलं तो कोण हे आज कायद्याने कुणालाच सांगता येत नाही. अकरा वर्षांनी केस परत शून्यावर. तिच्या वडिलांना आम्ही टीव्हीवर बघायचो, मुलीसाठी एवढ्या लांब येऊन धावत होते. त्यांना आता कुणी काय सांगायचं?

१ जुलै २०२४ पासून नवीन पुरावा कायदा आलाय, त्यात पण सर्टिफिकेट लागतंच, उलट जास्त काटेकोर. स्टेशनला कॅमेरे किती लावले हे आपल्याला मोठ्या बोर्डावर सांगतात, पण त्या फुटेजचा कागद कोण करणार, किती दिवसांत करणार, हे पण आपण विचारायला पाहिजे. मी आमच्या सोसायटीत विचारलं तर आमच्याच गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि तारीख-वेळ चाळीस मिनिटं मागे होती. ती पहिली दुरुस्त करून घेतली.

बरं, परत अलार्मकडे. वजन काहीच नाही, पर्सच्या आत ठेवू नका, बाहेर पट्ट्याला लावा, आणि दोरी हाताला येईल अशी. पावसाळ्यात पाणी गेलं होतं, दोन दिवस आवाज बसका आला, मग तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर ठीक झाला, त्यामुळे वॉटरप्रूफ म्हणतात ते मला नाही पटलं. छोटी बॅटरी-लाइट आहे ती मात्र खरंच उपयोगी, जिन्यात, रिक्षात खाली पडलेली वस्तू शोधायला, भाची रोज तीच वापरते. आठ महिन्यांत सेल एकदा बदलले.

पण मी जर फक्त अलार्म देऊन मोकळी झाले असते तर स्वतःला फसवलं असतं. त्यामुळे आता आमच्यात जे ठरलंय ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर बरं. गाडी लेट असेल आणि पहाटे पाचच्या आत पोचत असेल तर तिने स्टेशनच्या बाहेर पडायचंच नाही, वेटिंग रूममध्ये बायकांमध्ये बसायचं, उजाडेपर्यंत, ऑफिसला उशीर झाला तर झाला. गाडीत आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) "मेरी सहेली" वाल्या बायका एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींचा सीट नंबर लिहून घेतात, तिच्याकडे दोनदा आल्या होत्या, नीट बोलल्या, नंबर सांगितला, हे मला फार आवडलं, पण त्यांचं काम गाडीपुरतं, स्टेशनच्या गेटबाहेर ती परत एकटीच. गाडीत काही झालं तर १३९, बाहेर काही झालं तर ११२, हे दोन्ही नंबर तिच्याकडून पाठ करून घेतलेत, फोन हातात नसेल तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता यायला हवेत. रिक्षात बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो मला, आणि तो फोटो रिक्षावाल्याला दिसेल असा काढायचा, लाजायचं नाही. बॅग कुणाच्याही हातात द्यायची नाही. बॅग गेली की माणूस तिच्या मागे चालायला लागतो, हे मला ह्या केसवरूनच कळलं.

आणि मुलगी पोचली नाही तर घरच्यांनी हद्दीच्या वादात अडकायचं नाही. २०१४ च्या त्या मुलीच्या वेळी तक्रार विजयवाड्याला, मुलगी मुंबईत उतरलेली, रेल्वे पोलीस वेगळे, शहराचे वेगळे. आता नवीन कायद्यात झिरो एफआयआर लिहूनच दिलाय, कुठल्याही ठाण्याला जाऊन गुन्हा नोंदवता येतो, "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. हे अकोल्याला माझ्या बहिणीला पण सांगून ठेवलंय, दोघींनी फोनमध्ये लिहून ठेवलंय.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी तीन. पहिला पीस डेड आला म्हणून एक कापला, स्क्रूवाला सेल आणि पाणी जाणं ह्यासाठी दुसरा. बाकी ज्या मुली लोकलने, बसने, गर्दीतून जातात त्यांनी जरूर घ्या, माणसांमध्ये हा चालतो, मी बघितलंय. सामसूम रस्त्यासाठी ह्याच्या भरवशावर मुलीला पाठवू नका.

भाची येत्या शनिवारी अकोल्याहून निघतेय, गाडी रविवारी पहाटे साडेतीनची आहे, वेळेवर आली तर. ती म्हणाली मावशी मी वेटिंग रूममध्ये बसते, कशाला झोपमोड. नवऱ्याने बाइकची टाकी भरून ठेवलीय आणि मी शेजारच्या रिक्षावाल्या दादांना सांगून ठेवलंय, बॅग रिक्षात, आम्ही दोघी रिक्षात, नवरा मागे. आधी आमच्याकडे यायचं, झोपायचं, जेवायचं, मग दुपारी अंधेरी.